होममधल्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या बालगृहांचे अधीक्षक, काळजीवाहक, प्रतिपालक (फॉस्टर पालक), वर्गशिक्षक आणि अधूनमधून स्वतः मुलं जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. होममधलं मूल शाळेबाहेर पडतं तेव्हा बहुतेक वेळा कुठलाही लेखी आदेश निघालेला नसतो. फोनवर कुणीतरी काहीतरी बोलतं, दुसरं कुणीतरी ते मुकाट ऐकून घेतं आणि मूल दुसऱ्या दिवसापासून शाळेत जात नाही. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांत दोन गोष्टी परत परत येतील: तोंडी बोलणं कागदावर आणा आणि भांडण होण्याआधीच शाळेत जाऊन या.

१. ‘होममधली मुलं’ म्हणजे नेमकी कोणती? माझ्याकडे राहणारा पुतण्या यात येतो का?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार ज्या मुलांना बाल कल्याण समितीने (मुलाने कुठे राहावं हे ठरवणारी समिती; पुढे नुसतं ‘समिती’) बालगृहात, प्रतिपालक कुटुंबात किंवा ‘योग्य व्यक्ती’कडे ठेवलं आहे, ती सगळी मुलं यात येतात. डोंगरी आणि मानखुर्दच्या मोठ्या संस्था लोकांना माहीत असतात, पण उपनगरांतल्या छोट्या बालगृहांतही अशी बरीच मुलं राहतात.

पुतण्या समितीच्या आदेशाने तुमच्याकडे असेल तर हे पान जसंच्या तसं त्याला लागू आहे. आदेश नसेल, तरी शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण त्याला आहेच, कारण ते प्रत्येक मुलाला आहे. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी प्रश्न १८ पाहा.

२. शाळा मुलाला काढून टाकू शकते का?

आठवी पूर्ण होईपर्यंत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १६ मध्ये हे स्वच्छ लिहिलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं, तेही पुनर्परीक्षेची संधी दिल्यावर. काढून टाकण्याची मनाई मात्र त्या दुरुस्तीनंतरही तशीच राहिली. ‘आता नापास करता येतं, म्हणजे काढताही येतं’ असं काही शाळा सांगतात. ते चूक आहे.

मूल चौदा वर्षांचं झालं आणि आठवी व्हायची आहे, तरी आठवी पूर्ण होईपर्यंतचा मोफत शिक्षणाचा हक्क संपत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण होममधली मुलं वयाने वर्गापेक्षा दोन-तीन वर्षं मोठी असणं नेहमीचंच आहे. नववी-दहावीसाठी प्रश्न १३ आणि अल्पसंख्याक शाळांसाठी प्रश्न १४ वाचा.

३. शाळेने काढलं नाही, पण मुख्याध्यापक म्हणतात, ‘तुम्हीच दाखला घेऊन जा, उगाच शेरा पडायला नको.’ काय करायचं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. मुलं शाळेतून जातात ती बहुतेक याच वाटेने.

दाखल्यासाठी अर्ज करू नका. तुम्ही अर्ज केलात की कागदोपत्री ‘पालकाच्या विनंतीवरून’ मूल शाळा सोडतं आणि शाळेने काही केल्याची नोंदच उरत नाही. मुख्याध्यापक मनाने चांगले असतील, त्यांना खरोखर मुलाच्या दाखल्यावर वाईट शेरा नको असेल, तरीही अर्ज करू नका. ‘विचार करून कळवतो’ एवढंच म्हणा आणि निघा. परत येऊन त्याच दिवशी पत्र लिहा. पत्र चार ओळींचं पुरतं:

‘आज दि. … रोजी झालेल्या भेटीत आपण इयत्ता … मधील आमच्या विद्यार्थ्याचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन जाण्यास सुचवले. विद्यार्थ्याने याच शाळेत शिक्षण सुरू ठेवावे अशी आमची इच्छा आहे. त्याच्याबाबत शाळेच्या अडचणी असल्यास कृपया लेखी कळवाव्यात, म्हणजे त्यावर एकत्र बसून मार्ग काढता येईल. विद्यार्थी नेहमीप्रमाणे शाळेत येत राहील.’

दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. क्लार्कने पोच द्यायला नकार दिला तर तेच पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. या पत्रात कुणावर आरोप नाही आणि कायद्याची धमकीही नाही, हे लक्षात घ्या. पहिलं पत्र असंच असावं. पुष्कळदा विषय इथेच मिटतो, कारण जे बोलताना सोपं वाटलं ते लेखी द्यायला कुणी तयार नसतं.

आणि या काळात मूल रोज शाळेत गेलं पाहिजे. ‘प्रकरण मिटेपर्यंत राहू दे घरी’ म्हणून होमनेच त्याला थांबवून ठेवलं, तर गैरहजेरीची नोंद त्याच्याच नावावर चढते.

४. ‘आठवडाभर पाठवू नका, त्याचं डोकं शांत होऊ दे’ असा फोन आला. हे चालतं का?

अशा तोंडी बंदीला शिक्षण हक्क कायद्यात कुठलाही आधार नाही. उलट मूल शाळेत येतंय, टिकतंय आणि शिक्षण पूर्ण करतंय हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे मुंबईत महापालिकेवर, टाकलेली आहे. प्रश्न ३ सारखंच पत्र द्या आणि त्यात तीन गोष्टी विचारा: कारण काय, किती दिवस, कोणत्या नियमाखाली.

मोठी मारामारी झाली असेल आणि दोन्ही मुलांना एखादा दिवस वेगळं ठेवणं खरंच शहाणपणाचं असेल, तर तसं मान्य करा. पण परत येण्याची तारीख त्याच भेटीत ठरवून लिहून घ्या. परतीची तारीख नसलेली सुट्टी लांबतच जाते. वर्गाबाहेर बसवणं, निम्म्या वेळेत परत पाठवणं, सहलीला न नेणं आणि परीक्षेपुरतंच बोलावणं याबाबतीतही लेखी कारण मागा.

५. पालक म्हणून सही कोणी करायची? शाळा म्हणते, आई-वडीलच हवेत.

शिक्षण हक्क कायद्यातली व्याख्या पाहा: मूल ज्याच्या देखरेखीत आणि ताब्यात आहे, ती व्यक्तीही त्या कायद्याला पालक म्हणून चालते. बालगृहात ती व्यक्ती म्हणजे अधीक्षक, प्रतिपालकत्वात प्रतिपालक. समितीच्या आदेशाची प्रत सोबत ठेवा, पण शाळेत देताना आदेशातला फक्त ताबा सांगणारा भाग द्या. मूल समितीपुढे का आलं, हे वाचायची शाळेला गरज नाही.

वडिलांचं किंवा आईचं नाव माहीतच नसेल, तर तो रकाना रिकामा राहू शकतो. राज्य सरकारने २०२४ पासून कागदपत्रांवर आईचं नाव लावणं बंधनकारक केलं, तेव्हाही अनाथ आणि टाकून दिलेल्या बालकांना त्यातून सूट ठेवली आहे.

६. जन्मदाखला नाही, आधार नाही, आधीच्या शाळेचा दाखलाही नाही. प्रवेश मिळेल?

मिळायलाच हवा. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम १४). आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे नव्या शाळेने प्रवेश अडवण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि दाखला देण्यात दिरंगाई करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते (कलम ५). शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सांगितलं आहे.

प्रत्यक्षात अडतं ते ‘सरल’ या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदप्रणालीवर. जुन्या शाळेने ऑनलाइन नाव सोडलं नाही की नवी शाळा म्हणते, ‘आमच्या पटावर दिसत नाही.’ मुलाला वर्गात बसवा, हजेरी घ्या आणि ऑनलाइन बदलीची विनंती नव्या शाळेकडूनच जाऊ द्या, हा क्रम आग्रहाने धरा.

७. समितीने मुलीला वर्षाच्या मध्येच दुसऱ्या बालगृहात हलवलं. आता नोव्हेंबरमध्ये कोण घेणार?

कुठलीही जवळची महापालिका शाळा. सत्राच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो.

पण त्याआधीचा प्रश्न विचारा: शाळा बदलणं टाळता आलं असतं का? मानखुर्दहून गोवंडीच्या शाळेत जाणारी मुलगी चेंबूरच्या होममध्ये गेली, तर बसने तीच शाळा चालू राहू शकते. बदलीचा आदेश होण्याआधी समितीपुढे एक ओळ मांडा: ‘शाळा तीच ठेवता येईल अशी जागा पाहावी, नाहीतर सत्र संपेपर्यंत थांबावं.’ बाल न्याय कायद्यात मुलाचं हित सर्वांत आधी येतं आणि शाळा त्या हितातच मोडते. हा मुद्दा मांडला गेला, तर समित्या तो विचारात घेतात. बहुतेक वेळा तो कुणी मांडतच नाही.

शाळेचं माध्यम बदलणार असेल तर जास्त जपा. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. उर्दूतून पाचवी शिकलेल्या मुलीला ‘जागा तिथेच आहे’ म्हणून मराठी सहावीत बसवलं, तर काही महिन्यांत ती शाळा टाळू लागते आणि मग प्रश्न ११ उभा राहतो.

८. शाळेला मुलाबद्दल किती सांगायचं? शिक्षिका त्याला ‘रिमांड होमचा’ म्हणतात.

आधी दुसरा भाग. बालगृहात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं राहतात. कायद्याशी संघर्ष झालेली मुलं निरीक्षणगृहात असतात आणि त्यांचं प्रकरण समितीपुढे नाही, बाल न्याय मंडळापुढे चालतं. स्टाफरूममध्ये हा फरक अनेकांना माहीत नसतो, म्हणून आई वारल्यामुळे होममध्ये आलेल्या मुलाकडेही गुन्हेगार म्हणून पाहिलं जातं. वर्षाच्या सुरुवातीला अधीक्षकांनी स्टाफ मीटिंगमध्ये पंधरा मिनिटं मागून हा फरक समजावून सांगितला, तर पुढचं पुष्कळ टळतं. आणि निरीक्षणगृहातून आलेल्या मुलालाही असं हिणवण्याचा अधिकार कुणाला नाही. मुलाला कलंक लागेल अशी भाषा वापरायची नाही, हे बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांतच आहे.

आता किती सांगायचं ते. माझं मत पक्कं आहे: मुलाचा इतिहास सांगू नका, त्याची गरज सांगा. ‘वडिलांनी आईला मारलं’ हे वर्गशिक्षिकेला कळून उपयोग नाही. ‘मोठ्याने ओरडलं की तो गोठतो, जवळ जाऊन हळू बोललात तर ऐकतो’ हे कळलं तर खूप उपयोग आहे. ‘दर महिन्याला समितीच्या तारखेला अर्धा दिवस येणार नाही आणि दुसऱ्या दिवशी बिथरलेला असेल’ हेही सांगा. एवढं एका पानावर लिहून फक्त वर्गशिक्षिका आणि मुख्याध्यापकांना द्या.

ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे. त्यात मुलाचं नाव, पत्ता, इतकंच काय, शाळेचं नावसुद्धा येतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वार्षिक स्नेहसंमेलनात ‘आमच्या शाळेतली अनाथ मुलं’ म्हणून फोटो काढून टाकणाऱ्या शाळांनी हे लक्षात ठेवावं.

९. मुलगा रोज कुणाला तरी मारतो. शाळा कंटाळली आहे आणि खरं सांगायचं तर आम्हीही. काय करता येईल?

शाळेचं कंटाळणं खरं असतं. पन्नास मुलांच्या वर्गात एक मूल सतत उठून मारत असेल, तर शिक्षिकेला कायद्याची कलमं ऐकवून काही होत नाही. ती काय सहन करते हे आधी ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

मग तिला एक वही द्या. प्रत्येक प्रसंगाला चारच नोंदी: दिवस, वेळ, जागा, आणि मारण्याच्या लगेच आधी काय झालं. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच कुणी लिहीत नाही. दुपार अधिवेशनातल्या एका पाचवीच्या मुलाची अशी वही तीन आठवडे भरली, तेव्हा दिसलं की वर्गात त्याने एकदाही हात उचलला नव्हता. सगळ्या नोंदी जिन्यावरच्या होत्या, मधली सुट्टी संपून मुलं वर चढताना. मागून कुणाचा हात पाठीला किंवा दप्तराला लागला की तो वळून मारायचा, कोण आहे हे न बघता. मागून येणाऱ्या हाताची त्याला का भीती होती, हे समुपदेशकाला माहीत होतं. शिक्षिकेला ते कळण्याची गरजच पडली नाही. घंटेच्या दोन मिनिटं आधी हजेरीपट वर न्यायचं काम त्याला दिलं गेलं. जिना रिकामा असताना तो वर पोचायचा. मारामाऱ्या पूर्ण थांबल्या नाहीत, पण दाखल्याची भाषा थांबली.

प्रत्येक मुलाची गोष्ट इतकी सरळ नसते. तरी वही भरल्याशिवाय उपाय ठरवू नका. नोंदींत बऱ्याचदा याच गोष्टी निघतात: समितीची तारीख, ठरलेल्या भेटीला न आलेली आई, ‘माझे कुटुंब’ असा निबंध, ओपन हाउसला आपल्यासाठी कुणी न येणं, भूक, आणि आदल्या रात्री होममध्ये झालेलं भांडण. शेवटचं कारण शाळेचं नसून आपलं आहे, ते मान्य करावं लागतं. मधल्या सुट्टीतली खिचडी डब्यात भरून दप्तरात लपवणाऱ्या मुलीला ‘चोरते’ म्हणू नका. जिने उपासमार पाहिली आहे ती मुलगी उद्याची सोय करून ठेवते.

वहीनंतर बैठक: वर्गशिक्षिका, अधीक्षक किंवा समुपदेशक आणि मूल स्वतः. ठरलेलं लिहा. कोण काय करणार, मूल बिथरलं तर शाळेत ते कोणाजवळ जाऊन बसणार, होममधून कोणाला फोन करायचा आणि परत कधी भेटायचं. हे मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात जोडा. आराखड्यात शिक्षणाचा भाग असतोच. मात्र तिथे ‘शाळेत जातो’ एवढेच दोन शब्द लिहून रकाना भरलेला असेल, तर तो आराखडा अपुरा आहे.

मुलाने अचानक वागणं बदललं असेल, तर त्याच्यावर कुठे अत्याचार होत नाही ना, ही शंका घ्या. लैंगिक अत्याचाराच्या शंकेला आधार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे, शाळेवरही आणि होमवरही.

१०. वयाप्रमाणे सातवीत घेतलं, पण त्याला वाचताच येत नाही. वर्गात फक्त दंगा करतो.

वयानुरूप वर्गात प्रवेश हा त्याचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये त्याच्या जोडीला विशेष प्रशिक्षणाचाही हक्क आहे, तो मात्र सगळे विसरतात. मुलाला सातवीत बसवून प्रशिक्षण दिलं नाही, तर शाळेने कायदा अर्धाच पाळला. मुख्याध्यापकांना विशेष प्रशिक्षणाची लेखी मागणी करा. तोपर्यंत संध्याकाळी होममध्ये रोज पाऊण तास, फक्त वाचन. गृहपाठ पूर्ण करून घेणं हे वाचन शिकवणं नाही.

अनेक महिन्यांनीही अक्षरं हलत असतील, तर प्रश्न १७.

११. मुलगी महिनाभर गेली नाही आणि शाळेने पटावरून नाव काढलं. आता?

आठवीपर्यंत असेल तर नाव परत लावून मागा. गैरहजेरीच्या नावाखाली पट कमी करणं म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ला वळसा घालणं आहे. शिवाय गैरहजेरीबद्दल पालकांना भेटून सांगणं हे शिक्षकांच्या कायदेशीर कर्तव्यात येतं (कलम २४). तुम्हाला कोणी, कधी कळवलं, हे विचारा.

ती का गेली नाही, हे मात्र तिलाच विचारा, आणि विचारणारी व्यक्ती तिच्या विश्वासातली असू द्या. पाळी, फाटका गणवेश, रस्त्यात त्रास देणारी मुलं, वर्गात सगळ्यांसमोर ‘होमवाली’ म्हणून हाक मारणं, ही कारणं सांगायला वेळ लागतो.

समितीच्या तारखा आणि वैद्यकीय तपासण्या शाळेच्या वेळेत येतात, हे गैरहजेरीचं मोठं कारण आहे आणि ते सोडवणं आपल्या हातात आहे. दुपार अधिवेशनातल्या मुलांना सकाळची वेळ मागा. नाहीच जमलं तर आदल्या दिवशी शाळेला चिठ्ठी पाठवा.

१२. शिक्षक मारतात किंवा होमच्या मुलांना वेगळ्या बाकावर बसवतात.

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे आणि शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. वेगळा बाक हा छळच आहे. तक्रार कशी करायची ते प्रश्न १९ मध्ये आहे. होममध्ये काळजीवाहकाने मारलं तर बाल न्याय कायद्याचं कलम ८२ लागतं. आपल्या घरी मारून शाळेत न्याय मागता येत नाही.

१३. नववीत आहे. शाळा म्हणते, ‘निकाल खराब होईल, १७ नंबरचा फॉर्म भरा.’

इथे शिक्षण हक्क कायद्याचं कवच संपलेलं असतं, म्हणून नववी हा सर्वांत धोक्याचा टप्पा आहे. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून कच्च्या मुलांना बाहेरून बसायला सांगणं मुंबईत सर्रास चालतं आणि होमच्या मुलासाठी भांडणारं कुणी नाही, असं गृहीत धरलेलं असतं.

१७ नंबर, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म, हा ज्याची शाळा खरंच सुटली आहे त्याच्यासाठी चांगला रस्ता आहे. शिकत असलेल्या मुलाला त्या रस्त्यावर ढकलू नका. रोजची शाळा गेली की दिवसाची घडीही जाते, मित्र जातात, आणि सोळाव्या वर्षी होममध्ये दिवसभर बसून अभ्यास करणारी मुलं फार थोडी असतात.

काय करता येतं: शाळेकडून लेखी कारण मागा, मुख्याध्यापकांसमोर मुलाची बाजू मांडण्याची संधी मागा, शिक्षण निरीक्षकांकडे अर्ज करा आणि त्याच दिवशी समितीला कळवा. बालगृहातल्या मुलाला शिक्षण देणं ही बाल न्याय कायद्याच्या कलम ५३ खालची सेवा आहे आणि ती आठवीला थांबत नाही. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. तिने मुख्याध्यापकांकडून अहवाल मागवला, तर शाळा गांभीर्याने घेते.

सगळं करून झालं आणि शाळा उरलीच नाही, तर १७ नंबर किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा दहावीचा अभ्यासक्रम, ज्याला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. पण सोबत रोज ठरल्या वेळी जायची एखादी जागा हवी, मग ती रात्रशाळा असो की अभ्यासिका.

१४. आमची मुलं ट्रस्टच्या अल्पसंख्याक शाळेत आहेत. शाळा म्हणते, हा कायदा आम्हाला लागूच नाही.

सध्या त्यांचं म्हणणं बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात अल्पसंख्याक शाळा, अनुदानित आणि विनाअनुदानित दोन्ही, शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर ठेवल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निकालावर शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला आहे. तोवर जुना निकाल लागू राहतो.

बाल न्याय कायदा आणि पॉक्सो मात्र याही शाळांना पूर्ण लागू आहेत. ओळख उघड करणं आणि मुलाशी क्रूरपणे वागणं तिथेही गुन्हाच. अशा शाळेत वाद घालण्यापेक्षा प्रश्न ९ ची वाट जास्त कामाची ठरते. अनेक मिशनरी आणि ट्रस्टच्या शाळांना या मुलांबद्दल मनापासून आस्था असते, तिला हाक द्या.

१५. मुलगा निरीक्षणगृहात दोन महिने होता. शाळा परत घ्यायला तयार नाही.

घ्यावंच लागेल. बाल न्याय कायद्याखाली प्रकरण हाताळलं गेलेल्या मुलावर त्यामुळे कुठलीही अपात्रता येत नाही (कलम २४). सोळा वर्षांवरच्या मुलावर गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला असेल, तर तो अपवाद. मुलाला नवी सुरुवात मिळावी, हे या कायद्याच्या तत्त्वांपैकी एक आहे.

एक उपाय फारसा कुणी वापरत नाही: बाल न्याय मंडळाला आपल्या आदेशातच ‘मुलाने शाळेत जावं’ असं म्हणता येतं (कलम १८). परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसरला) सांगून तशी ओळ मागा. शाळेपुढे तो आदेश ठेवला, की मुलाला परत घ्यायचं की नाही हा प्रश्न उरत नाही. निरीक्षणगृहातल्या दिवसांची गैरहजेरी कशी लिहायची, तेही तेव्हाच ठरवून घ्या. कारणाच्या रकान्यात प्रकरणाचा उल्लेख नको.

१६. बाकीचे पालक म्हणतात, ‘तो मुलगा वर्गात असेल तर आम्ही आमची मुलं पाठवणार नाही.’

त्यांची भीती खोटी नसते, मार त्यांच्या मुलाने खाल्लेला असतो. त्या मुलाच्या सुरक्षिततेसाठी काय ठरलं आहे, ते मुख्याध्यापकांनी त्यांना सांगावं. होमच्या मुलाचा इतिहास मात्र सांगू नये. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचं नाव किंवा फोटो फिरत असेल, तर कलम ७४ ची आठवण करून देऊन तो तिथल्या तिथे काढून घ्यायला लावा.

दीर्घ उपाय वेगळा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक किंवा अभिरक्षक असतात आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा असते. बालगृहाच्या एखाद्या काळजीवाहक ताईंना तिथे सदस्य करा. ज्या बाईंना इतर पालक महिन्याला भेटतात, त्यांच्या मुलांबद्दल कुणी सहज तसं बोलत नाही.

१७. मुलाला शिकण्यातच अडचण आहे असं वाटतं. तपासणी कुठे?

सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. वेळ लागतो, म्हणून शंका आल्याबरोबर नंबर लावा, दहावीची वाट पाहू नका. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाचा मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत चालतो. नववीत अडलेल्या मुलांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

१८. मूल होममधून घरी परत गेलं की शाळा सुटते. हे कसं थांबवायचं?

घरी पाठवण्याच्या आदेशाआधी शाळेचं नाव ठरलेलं असावं, नंतर नव्हे. मूल समजा आजीकडे जात असेल, तर दाखला, गुणपत्रक आणि आधारची प्रत आजीच्या हातात द्या. ‘नंतर येऊन घेऊन जा’ म्हणू नका. अंबरनाथहून डोंगरीला एका कागदासाठी यायचं म्हणजे तिची दिवसाची मजुरी बुडते.

पैशांची सोय याच वेळी बघा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये, मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात महिना ४,००० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षातून जातो. पैसे सुरू व्हायला वेळ लागतो, त्यामुळे मूल होममध्ये असतानाच अर्ज भरलेला बरा.

१९. तक्रार नेमकी कुठे करायची?

आधी मुख्याध्यापक, लेखी. मग महापालिका शाळा असेल तर त्या विभागाचे प्रशासकीय अधिकारी आणि त्यांच्यावर महापालिकेचे शिक्षणाधिकारी. खासगी माध्यमिक शाळा असेल तर शिक्षण निरीक्षक (मुंबईत दक्षिण, पश्चिम आणि उत्तर असे तीन विभाग आहेत), त्यानंतर शिक्षण उपसंचालक. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाला तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

तीन महिने मुलासाठी फार असतात, म्हणून प्रत्येक पत्राची प्रत पहिल्या दिवसापासून बाल कल्याण समितीला द्या. मूल धोक्यात असेल तर १०९८. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि चोवीस तास चालते.

२०. मुलगी अठरा वर्षांची झाली, बारावी अर्धी राहिली आहे. होम सोडावं लागणार?

अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे होम सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे (बाल न्याय कायदा, कलम ४६). सतरावं लागलं की अर्ज करा. अनाथ प्रमाणपत्रही तेव्हाच काढून ठेवा. राज्यात एप्रिल २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, आणि कॉलेज प्रवेशाच्या वेळी ते प्रमाणपत्र हातात नसलं की संधी जाते.

२१. ‘मला त्या शाळेत जायचंच नाही. मला कोणी विचारणार आहे का?’ (सातवीतल्या मुलीचा प्रश्न)

हो, तुला विचारलंच पाहिजे. तुझ्याबद्दल जे काही ठरतं त्यात तुझं म्हणणं ऐकून घेणं कायद्याने बंधनकारक आहे. समितीच्या ताई-सरांसमोर पुढच्या तारखेला स्वतः बोल. बोलायला जमत नसेल तर चिठ्ठी लिहून दे, मराठीत, हिंदीत, जशी येईल तशी.

फक्त चिठ्ठीत ‘शाळा नको’ एवढंच लिहू नकोस. काय होतं ते लिही. कोणत्या तासाला, कोण काय म्हणतं, तेव्हा तुला काय वाटतं. शाळा बदलली तर कुठली हवी, तिथे तुझ्या ओळखीचं कुणी आहे का, हेही लिही. वर्ग बदलून भागणार असेल तर तसं लिही. चिठ्ठी होमच्या कुणाला दाखवायची नसेल, तर बंद पाकिटात घालून थेट समितीपुढे द्यायचा तुला हक्क आहे. आणि उत्तर येईपर्यंत शाळेत जात राहा. तिथे कुणी हात लावला किंवा भीती वाटेल असं काही केलं, तर तेवढं थांबू नकोस, कुठल्याही फोनवरून १०९८ लाव.